बंदुकांचं माहेरपण

तोडा

तोड्याची बंदूक उडवणं हा एक सोहळाच असे. नळीत दारू ओतायची, गोळी सोडायची, गजाने ठासायची, नळीच्या कानावर चिमूटभर रंजक, म्हणजे पेट घेणारी बारीक दारू, घालायचं, जामगीचं, म्हणजे धुमसत्या दोरीचं, टोक फुंकून लाल करायचं आणि मग नेम धरायचा. एवढं होईस्तोवर समोरचा माणूस पळून तरी गेलेला असे, नाहीतर पाया तरी पडलेला असे. कधी कधी तर ज्याच्या हातात बंदूक, त्याचाच राग निवलेला असे.

चित्रलेखा होनराव आपल्या प्रत्येक व्याख्यानाची सुरुवात अशी करायची. मग म्हणायची, "बंदुकीचा सगळा इतिहास म्हणजे राग आणि मरण यांच्यामधला वेळ कमी करत नेण्याचा इतिहास. चकमक आली, जामगी फुंकायचं काम गेलं. टोपी आली, रंजक गेलं. काडतूस आलं आणि माणसाला विचार बदलायला सवडच उरली नाही. ती सवड आम्ही परत आणली आहे."

टाळ्या पडायच्या.

आज ती सत्र न्यायालयाच्या व्हरांड्यात, एका डुगडुगत्या बाकावर बसून होती. आत तिच्या धाकट्या भावावर, सुहासवर, खुनाचा खटला चालू होता. आणि त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला सरकारी वकिलांनी तिलाच बोलावलं होतं.

चकमक

माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. प्रत्येक हाताला एक बारीक थरथर असते, डोळ्यांना न दिसणारी. माणूस संतापला की बोटांच्या टोकांतलं रक्त मागे हटतं, तळवा ओलसर होतो, पकड आवळत जाते आणि ती बारीक थरथर एका ठरावीक गतीने वाढते; संताप ओळखायची पक्की खूण हीच. भीतीनेही हात कापतो, पण वेगळा. पकड सुटते, आवळते, पुन्हा सुटते.

शस्त्रांच्या कारखान्यातल्या चित्राच्या गटाने पिस्तुलाच्या मुठीत कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ पडदा बसवला. तो हात वाचायचा. हात शांत असेल तर चाप मोकळा. भीती असेल तरीही मोकळा, कारण घाबरलेल्या माणसाला आपला जीव वाचवायचा असतो. संताप असेल तर चाप बंद, तो उतरेपर्यंत. बहुतेकांचा संताप कपातला चहा निवेपर्यंत उतरतो.

कारखान्याने त्याला 'संयम' असं भारदस्त नाव दिलं. ज्यांना ते वापरायचं होतं त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्याची 'लाजाळू' केली. "चोराला म्हणायचं, थांब रे बाबा, आमची रुसलीय. समजूत काढतो, मग घालतो गोळी!" असे विनोद झाले. पण बराकीत रजेवरून, जेवणावरून, एखाद्या शिवीवरून एकमेकांवर झाडल्या जाणाऱ्या गोळ्या थांबल्या, तसे विनोदही थांबले. एका जवानाची आई कारखान्याच्या फाटकाशी पेढे घेऊन आली होती. तिच्या मुलावर रोखलेलं पिस्तूल उडालं नव्हतं.

मग न्यायालयांनी लाजाळूवर विश्वास ठेवायला सुरुवात केली.

लाजाळूने गोळी सोडली, आणि तिच्या नोंदीत भीतीची खूण नाही, म्हणजे हात शांत होता. हात शांत, म्हणजे डोकं शांत. डोकं शांत, म्हणजे ठरवून केलेला खून. एकाएकी भडकून हातून माणूस मेला तर शिक्षा कमी होते. ठरवून मारलं तर जन्मठेप. पूर्वी हा फरक साक्षीदार, वकील आणि न्यायाधीश मिळून चाचपडत शोधायचे. आता तो पिस्तूल सांगू लागलं.

चित्राने हे मागितलं नव्हतं. पण तिला ते आवडलं होतं.

ठासणी

आता थोडं मागे जायला हवं.

होनरावांच्या घरात हात कापायचे. चित्राच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. चाळिशी उलटली आणि त्यांच्या चिमट्यातून स्क्रू सुटू लागले. आधी एखादा, मग रोजच. गिऱ्हाइकं काही बोलली नाहीत, फक्त दुसऱ्या दुकानात गेली. पुढची कितीतरी वर्षं बाबा पायरीवर बसून असत. ते चहा प्यायला लागले की कप बशीवर वाजायचा, आणि आई आतून काहीतरी मोठ्याने बोलायला लागायची, म्हणजे तो आवाज त्यांना ऐकू येऊ नये.

सुहास जलरक्षक दलात होता. धरणाचं पाणी दिवस ठरवून, पाळीपाळीने सुटू लागल्यापासून कालव्याच्या दारांवर आणि टँकर भरायच्या जागांवर सशस्त्र पहारा आला होता. गणेशोत्सव आटोपल्यावर एका रविवारी तो चित्राकडे आला. जेवून हात धुतले आणि म्हणाला,

"ताई, ती मला ओळखत नाही."

"कोण?"

"तुझी लेक. लाजाळू. सरावाला दोनदा अडून बसली. देवाशप्पथ मी रागात नव्हतो गं. उलट सकाळी जिलेबी खाऊन गेलो होतो."

"दाखव हात."

त्याने हात पुढे केला. दोघंही त्या हाताकडे पाहत राहिली. बाबांचाच हात होता.

"वरती कळलं तर?" चित्राने विचारलं.

"तर काय! हत्यार काढून घेतील, आणि बिनहत्याराच्या माणसाला दलात काय काम? घरी." तो हसला. "पायरी आहेच आपली. बाबांनी बसून बसून गुळगुळीत करून ठेवलीय."

"बघते मी," चित्रा म्हणाली.

त्या कारखान्यात एक रीत होती. खंडेनवमीला आसपासच्या पहाऱ्यांवरची सगळी पिस्तुलं एका दिवसासाठी परत कारखान्यात यायची. त्यांना तेलपाणी व्हायचं, टेबलांवर स्वच्छ पांढरं कापड अंथरून ती ओळीने मांडली जायची, मुठींना हळदकुंकू लागायचं, झेंडूचं एकेक फूल वाहिलं जायचं. जोडणीच्या खात्यातल्या बायका याला बंदुकांचं माहेरपण म्हणायच्या. "आली गं बाई सासुरवाशीण! बघ कशी काळवंडलीय. तेलाचं बोट म्हणून लावलं नाही मेल्यांनी," असं चालायचं. त्या दिवशी कोणाचं पिस्तूल कोणाच्या टेबलावर आहे हे कोणी विचारत नसे.

चित्राने सुहासचं पिस्तूल आपल्या टेबलावर नेलं.

प्रत्येक मुठीत मोहोरबंद झाकणाखाली एक इवलीशी चकती असते. कशाला संताप समजायचं, हे तिच्यात लिहिलेलं असतं. आजाराची थरथर आणि संतापाची थरथर जवळजवळ एकाच गतीने चालतात. दोन माणसं एकाच सुरात गायला लागली की एकालाच गप्प करणं अवघड, तसं. त्यांना वेगळं करायला महिने लागले असते. चित्राकडे एकच दुपार होती. तिने तो सूरच मिटवून टाकला. त्या एका पिस्तुलाला तिने त्या एका सुरापुरतं बहिरं केलं आणि झाकणाला नवी मोहोर लावली.

जमलं की नाही ते तिने स्वतःच्या हाताने तपासलं. तिचाही उजवा हात वर्षभरापासून कापू लागला होता. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. शेजारचं साधं लाजाळू तिने उचललं, ते अडलं. सुहासचं उचललं, ते चाललं. एकाच बापाचे हात.

दिवाळीनंतर नीट करून देऊ, असं तिने स्वतःला सांगितलं. आणि सुहास काही रागीट नव्हता. लहानपणी कोणी मारलं तर तो रडायचासुद्धा उशिरा.

त्याला तिने एवढंच सांगितलं, "पडद्यावर तेल साचलं होतं. पुसलं."

काडतूस

सरकारी पक्षाचं म्हणणं:
टँकरचालक दिनकर तुपे पाळी नसताना टँकर भरायला आला. आरोपीने त्याला अडवलं. शाब्दिक चकमक झाली. आरोपीने पिस्तूल काढून एक गोळी झाडली. तुपे जागीच मरण पावला.

मागच्या टँकरवाल्याचं म्हणणं:
"भांडण पाण्याचं नव्हतंच साहेब. ते तर मिटत आलं होतं. मग दिनकरला ह्यांचा हात दिसला. तो म्हणला, 'ओ होनराव, पाळणा हलवताय का काय? वैनींना सांगा, चहा कपात नको, परातीत द्या.' आम्ही हसलो. मीपण हसलो, खोटं कशाला बोलू. ह्यांनी हात मागं घेतला. तर दिनकरनं मोबाईल काढला. म्हणला, 'थांबा, व्हिडिओ काढतो. तुमच्या साहेबाला पाठवतो. असल्या हातात सरकार बंदूक देतंय म्हणावं!' दिनकर वाईट नव्हता. त्याला थट्टा कुठं थांबवायची ते कळायचं नाही, एवढंच."

पिस्तुलाचं म्हणणं:
हात शांत.

मूठ

पिस्तूल तपासायला कारखान्यातच आणलं गेलं. दोन्ही बाजूंचे वकील, दलाचा एक अधिकारी आणि कारखान्याचे संचालक अष्टेकर टेबलाभोवती उभे होते. निवृत्त कर्नल असल्यामुळे अष्टेकरांना बसून काही करता येत नसे. झाकण उघडायचं काम चित्राचं नव्हतं, ते अष्टेकरांनी केलं. ती बाजूला उभी होती.

मूळ प्रणाली तपासली गेली. ती निर्दोष निघाली, कारण चित्राने तिला हातच लावला नव्हता. चकतीत प्रत्येक हातागणिक आकडे वेगळे असतातच, म्हणून ते कोणी वाचले नाहीत.

अष्टेकर भिंग लावून झाकणाच्या आतल्या कडेकडे बघत होते.

"हे लाल काय आहे?"

मूठ धूळविरहित खोलीत बंद होते. तिच्यात केसही जाऊ शकत नाही. चित्राने पुढे होऊन पाहिलं. खाचेत मोहरीच्या दाण्याएवढा लाल ठिपका होता. त्या दिवशी तिच्या बोटांना कुंकू होतं. सगळ्यांच्याच बोटांना होतं.

"गंज," ती म्हणाली.

हा एवढाच शब्द. पुढे तिने तो शब्द मनात किती वेळा परत घेतला. *मला माहीत नाही,* असं म्हणता आलं असतं. *तपासायला पाठवा,* असं म्हणता आलं असतं. नुसतं गप्प राहता आलं असतं. पण तोंडातून सुटली ती काडतुसाची गोळी, तोड्याची नव्हे.

त्या मुठीत लोखंड नव्हतं. झाकण, चकती, पडदा, काहीच गंजणारं नव्हतं. हे खोलीतल्या दोघांनाच माहीत होतं. अष्टेकरांनी भिंग खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं, पुरेसं पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले, "हो, गंजच."

सगळे गेल्यावर ते तिच्याजवळ आले. "होनराव मॅडम, मी काही विचारत नाही. फक्त एक सांगतो. या पिस्तुलावर एक डाग पडला, तर उद्या सगळ्या बराकींतून लाजाळू काढून घेतील आणि जुनी पिस्तुलं देतील. पेढे घेऊन आलेली ती बाई आठवते ना?"

"आठवते, सर."

"मग झालं."

चाप

तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत सुहास दोन्ही हात काखेत दाबून बसला होता. थंडी नव्हती. चित्रा आल्यापासून त्याने ते एकदाही बाहेर काढले नव्हते.

"डबा आणलाय. आत घेत नाहीत म्हणाले," ती म्हणाली.

"काय होतं?"

"शेंगापोळी."

"मग बरं झालं. तुझ्या शेंगापोळीने पुन्हा कोणाचा तरी जीव गेला असता."

दोघं हसली, आणि हसू एकदम थांबलं.

"मुल्ला मॅडम भेटल्या?" चित्राने विचारलं. शबाना मुल्ला त्याच्या वकील होत्या.

"भेटल्या. त्या म्हणतात, 'मी भडकलो होतो' असं सांग. शिक्षा कमी होईल. मी नाही म्हणालो."

"का रे?"

"खोटं कशाला बोलू? एवढं केलं ते पुरे." तो खाली बघत बोलत होता. "ताई, आधी मलाही वाटलं होतं मी रागात होतो. समोरचं काही दिसत नव्हतं. कानात नुसता घुं आवाज. पण मग मी विचार केला. राग असता तर ती थांबली असती ना?"

चित्राने आपला उजवा हात डाव्या हाताखाली दाबला.

"लाजाळू खोटं बोलत नाही. तूच सांगतेस सगळ्यांना. म्हणजे मला राग आलाच नव्हता. आत कुठेतरी मी अगदी शांत होतो, आणि शांतपणे त्याला मारलं. असा माणूस आहे मी. चाळीस वर्षं मलाच ठाऊक नव्हतं."

"सुहास, तसं नसतं रे..."

"मग कसं असतं? सांग ना. तू बनवलीयस ती."

त्याने विचारलं ते खरोखर उत्तर हवं म्हणून. लहानपणी गणित अडलं की विचारायचा तसं. तिच्या जिभेवर उत्तर आलं होतं. शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं, आणि तिला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची तिला नंतर जेवढी शरम वाटली तेवढी त्या कुंकवाचीही वाटली नव्हती.

न सांगायला कारणं होती. पिस्तुलं मागे घेतली गेली असती आणि बराकींत माणसं मेली असती. ती स्वतः तुरुंगात गेली असती. ही सगळी कारणं खरी होती. खोटी असती तर सोपं गेलं असतं. पण तिने सुहासला नोकरी राखून दिली होती आणि त्या बदल्यात, त्याला न विचारता, त्याच्याकडून त्याचा रागच काढून घेतला होता. माणसाने खून केला आणि तो का केला हेही त्याचं त्याला कळू नये, ही शिक्षा कोणत्याच कायद्यात नव्हती. ती त्याला चित्राने दिली होती.

*

पुकारा झाला. चित्रा बाकावरून उठून आत गेली.

पहिल्या रांगेत दिनकर तुपेची बायको कुंदा बसली होती. अष्टेकर खिडकीपाशी उभे. आरोपीच्या पिंजऱ्यात सुहास, हात काखेत.

सरकारी वकील गुंजाळ खुशीत होते. "आपण आरोपीच्या सख्ख्या भगिनी?"

"हो."

"आणि या पिस्तुलाच्या जनक? म्हणजे, जननी म्हणूया."

"हो."

"हे पिस्तूल संतापलेल्या हातातून उडत नाही?"

"तसं बनवलंय."

"तुम्ही हात लावून बनवलेलं, तुमच्याच भावाच्या हातात होतं. याहून खात्रीची साक्ष कोणती? कोर्टाला एकदा दाखवा फक्त." त्यांनी टेबलावरच्या दोन पिस्तुलांपैकी नमुन्याचं उचललं, रिकामं असल्याची खात्री करून दिली आणि तिच्या हातात ठेवलं. "हे साधं लाजाळू. आपण शांत आहात. चाप ओढा."

तिने ओढला. तो हलला नाही.

तिने पुन्हा ओढला. नाही.

गुंजाळ चटकन म्हणाले, "मॅडमना आमचा राग आलेला दिसतो!" लोक हसले. न्यायाधीशांच्याही ओठांचा कोपरा हलला.

तिला तिथेच थांबता आलं असतं. हो, थोडा राग आलाय, असं हसून म्हणता आलं असतं. पिस्तूल खरं ठरलं असतं, सगळे जेवायला गेले असते.

"मला राग आलेला नाही," चित्रा म्हणाली. "माझा हात कापतो. आमच्या घरात सगळ्यांचेच कापतात. आता ते दुसरं द्या. माझ्या भावाचं."

गुंजाळांनी न्यायाधीशांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

सुहासचं पिस्तूल तिने हातात घेतलं. तिचा हात आता असा कापत होता की मागच्या रांगेलाही दिसावा. पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त. तिने चाप ओढला.

टक.

कोणी हसलं नाही.

"या पिस्तुलाला नाही म्हणता येत नाही," ती म्हणाली. "माझ्या हाताला नाही, त्याच्याही नाही. मागच्या खंडेनवमीला मी हे उघडलं आणि याचं ऐकणं बंद केलं. त्याला आजार आहे म्हणून केलं. त्याची नोकरी जाऊ नये म्हणून. त्याला हे माहीत नव्हतं. तो त्या दिवशी शांत होता की भडकला होता, हे या पिस्तुलाला सांगता येणार नाही, कारण याला ऐकूच येत नव्हतं." तिने अष्टेकरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. "आतला तो ठिपका गंजाचा नाही. कुंकवाचा आहे. तपासून घ्या."

मुल्ला मॅडम उभ्या राहिल्या, गुंजाळही उभे राहिले, दोघंही एकदम बोलू लागले. पण त्यांच्या आधी कुंदा तुपे उभी राहिली होती. शिपाई "बसा बाई, बसा" म्हणत पुढे झाला. न्यायाधीशांनी हाताने त्याला थांबवलं.

"मला ते यंत्रातलं कळत नाही," कुंदा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "एकच सांगा. तुम्ही हात लावला नसता, तर ती थांबली असती?"

"त्याला राग आला होता. हो. थांबली असती."

"आणि आमचे हे?"

चित्राला व्याख्यानं देता यायची. आत्ता तिला तीन शब्द जुळवायला वेळ लागला.

"घरी आले असते."

कुंदा खाली बसली. तिने पदर नीट केला आणि परत चित्राकडे पाहिलं नाही.

मग चित्राने सुहासकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. त्या चेहऱ्यावर सुटका होती, की आत्ताच कुठे सुरू झालेलं काही, हे वाचणारा पडदा तिने कधी बनवला नव्हता. त्याने काखेतले हात सोडवले. हळूहळू, अवघडलेले असावेत तसे. आणि ते पिंजऱ्याच्या कठड्यावर, सगळ्यांना दिसतील असे, ठेवले.

कठड्याची वरची फळी खिळ्यातून सुटली होती. ती वाजायला लागली. कप बशीवर वाजावा, तशी. कोर्टातला गलबला वाढत गेला, वकील एकमेकांवर ओरडू लागले, आणि चित्रा त्या सगळ्यातून तेवढाच एक आवाज ऐकत उभी राहिली.